दलालाच्या परवान्याची कुळकथा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या टाऊन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली भागांची खरेदी-विक्री करणाऱ्या मोजक्या दलालांपाशी कसलाही परवाना नव्हता. बाजारातील पत आणि दिलेला शब्द, एवढेच त्यांचे भांडवल. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालांच्या शब्दावर नव्या कंपन्यांच्या भागांचे भाव चढू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले. १ जुलै रोजी वायद्याचे सौदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा अनेकांचे दिवाळे वाजले.

या अनुभवाने शहाण्या झालेल्या दलालांनी १८७५ मध्ये आपला संघ स्थापिला. ३१८ जण प्रत्येकी एक रुपया प्रवेशशुल्क भरून सभासद झाले. सभासदत्वाचे ‘कार्ड’ हाच पुढे दीर्घकाळ दलालाचा परवाना ठरला. ही शिस्त सभासदांनी सभासदांसाठी घातलेली होती. गिऱ्हाइकाचे हित तीत दुय्यम होते, असे म्हणणे वावगे ठरू नये. १९५६ च्या केंद्रीय कायद्यानुसार मुंबईच्या बाजारास १९५७ मध्ये शासनमान्यता मिळाली खरी. परंतु मान्यता मिळाली ती बाजारास. दलाल निवडण्याचे काम बाजाराकडेच राहिले.

हे चित्र १९९२ मध्ये पालटले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेबी’स त्या वर्षी वैधानिक अधिकार लाभले आणि नोंदणी प्रमाणपत्रावाचून दलाली करण्यास कायद्याने मनाई झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये उघडकीस आलेल्या रोखे गैरव्यवहाराने या तरतुदीची निकड सर्वांनाच पटवून दिली. पुढे परीक्षाही आली. दलालाच्या कार्यालयात ठरावीक कामे करणाऱ्यांना आता राष्ट्रीय रोखे बाजार संस्थेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते व ते तीन वर्षेच ग्राह्य असते.

तालुक्याच्या गावी मात्र गाठ पडते ती बहुधा दलालाच्या प्रतिनिधीशी. उपदलाल ही श्रेणी ३१ मार्च २०१९ नंतर उरलेली नाही; तिच्या जागी दलालाने नेमलेली व बाजाराने मान्य केलेली ‘अधिकृत व्यक्ती’ असते. अशा व्यक्तीस ग्राहकाचे पैसे स्वतःच्या नावे घेता येत नाहीत. निवृत्त शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीतून धनादेश लिहावयाचा, तो नोंदणीकृत दलालाच्याच नावे. दलालाचा नोंदणी क्रमांक ‘आयएनझेड’ या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो कोणालाही पडताळून पाहता येतो.