तरुणपणीच मधुमेह, तोही पिढ्यान्‌पिढ्या? 'मोडी'बद्दल जाणून घ्या

आजोबांना पंचविशीत मधुमेह, बाबांनाही तिशीच्या आत आणि आता कॉलेजात जाणाऱ्या लेकीची साखर वाढलेली. अशा घरात "आमच्या रक्तातच साखर आहे" असं हसत म्हटलं जातं. कधी कधी ते खरंही असतं!

मोडी म्हणजे काय?

इथे मोडी लिपीचा संबंध नाही. 'मॅच्युरिटी ऑनसेट डायबिटीस ऑफ द यंग' या नावाचं हे छोटं रूप. रॉबर्ट टॅटरसॉल आणि स्टीफन फाजन्स या डॉक्टरांनी १९७५ मध्ये ते रूढ केलं. हा मधुमेह एकाच जनुकातल्या बदलामुळे होतो आणि बहुधा पंचविशीच्या आत दिसतो. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक अपत्याकडे तो बदल येण्याची शक्यता ५० टक्के असते. मुलगा असो वा मुलगी.

ओळखणं का महत्त्वाचं?

कमी वयामुळे मोडीला अनेकदा टाइप १ समजून इन्सुलिन सुरू होतं. पण प्रकारानुसार उपचार बदलतात:

• एचएनएफ१ए जनुकातला बदल: सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्यांच्या कमी डोसवरही अनेकांची साखर आटोक्यात राहते.
• जीसीके जनुकातला बदल: उपाशीपोटीची साखर जन्मापासून थोडीच जास्त असते. गरोदरपण सोडलं, तर सहसा औषध लागत नाही.
• एचएनएफ१बी जनुकातला बदल: मूत्रपिंडांची तपासणीही गरजेची असते.

शंका कधी घ्यावी?

• कमी वयात मधुमेह, वजन मात्र बेताचं
• सलग दोन-तीन पिढ्यांत तरुणपणी मधुमेह
• 'टाइप १' निदानानंतर काही वर्षांनीही इन्सुलिनची गरज अगदी कमी

लक्षात ठेवा, आपल्याकडे टाइप २ देखील तरुणांना होतो आणि तोही घराण्यात असतो. त्यामुळे नुसत्या अंदाजावर जाऊ नका. डॉक्टर आधी सी-पेप्टाइड आणि अँटीबॉडी तपासतात, मग गरज वाटली तर जनुकीय तपासणी सांगतात. ही तपासणी चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये होते. तिथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये भारतीय रुग्णांमध्ये मोडीचा एक नवा प्रकारही नोंदवला.

आज काय कराल?

तुम्ही बीरगांव-उरला भागात राहत असाल, तर मोठ्या रुग्णालयासाठी दूर जायला नको. एम्स रायपूर शहरातच आहे. जाण्याआधी एक कागद घ्या. आजी-आजोबा, आई-बाबा, काका, आत्या, मामा, मावशी, भावंडं यांच्यापैकी कोणाला, कितव्या वर्षी मधुमेह झाला आणि कोणतं औषध चालू आहे, ते लिहा. वय आठवत नसेल, तर "लग्नाआधी की नंतर?" असं विचारा, आजीला नेमकं आठवेल. हा कागद डॉक्टरांना दाखवा.

आणि एक गोष्ट पक्की: हे वाचून इन्सुलिन स्वतःहून थांबवू नका. खरोखर टाइप १ असेल, तर इन्सुलिन बंद करणं जिवावर बेतू शकतं. बदल करायचा तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.