शिर्माकरच्या मातीतला पिवळा जीवाणू

शिर्माकर ओॲसिस हे नाव वाचून खजुराची झाडं डोळ्यांसमोर आणू नयेत. पूर्व अंटार्क्टिकातला हा जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचा उघडा, खडकाळ पट्टा. उन्हाळ्यात काही तळी मोकळी होतात, आणि माती म्हणाल तर खडकाचा भरड चुरा. भारताचं ‘मैत्री’ केंद्र इथेच आहे. या मातीतून हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संशोधनसंस्थेतल्या एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी एक पिवळा जीवाणू वेगळा काढला आणि १९९२ मध्ये त्याचं नाव जाहीर केलं: स्फिंगोबॅक्टेरियम अंटार्क्टिकस. संस्थेची उभारणी करणारे पुष्प भार्गवही त्या शोधनिबंधाचे एक लेखक होते.

अशी माती हाताळायची म्हणजे आधी घाई सोडायची. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात ढवळायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करायचं आणि त्याचे थेंब अगरच्या प्लेटवर पसरायचे. आपल्या आतड्यातला ई. कोलाय ३७ अंशांना एका रात्रीत प्लेट भरून टाकतो. इथे प्लेटी थंड कपाटात ठेवून आठवडे मोजावे लागतात. मग एखाद्या सकाळी मोहरीएवढा ठिपका दिसतो. तो सुईने उचलून नव्या प्लेटवर रेघा ओढायच्या, त्यातला सुटा ठिपका पुन्हा उचलायचा. कल्चर शुद्ध होईपर्यंत हेच. प्लेट उबदार टेबलावर विसरली, तर खरा शीतप्रेमी जीवाणू हातचा जातो.

हा जीव थंडीत जगतो कसा, याचं अर्धं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजते, करडईचं तेल मात्र वाहतं राहतं. खोबरेलातली मेदाम्लं संपृक्त, सरळ साखळ्यांची. ती एकमेकांना चिकटून बसतात. करडईतली असंपृक्त, वाकलेली. त्यांना दाटीवाटीने बसता येत नाही. जीवाणूच्या पेशीचं आवरणही मेदाचंच असतं. थंडी वाढली की तो त्यात वाकड्या साखळ्यांचं प्रमाण वाढवतो आणि आवरण थिजू देत नाही. आपला जीवाणू पिवळा दिसतो तो कॅरोटिनॉइडांमुळे. त्यांतलं एक म्हणजे झिॲझँथिन, मक्याच्या दाण्याला पिवळेपणा देणारंच. ही रंगद्रव्यं आवरणातच वस्तीला असतात. वाकड्या साखळ्यांनी आवरण सैल राहतं, रंगद्रव्याने त्याला आधार मिळतो, असा हा तोल असावा, असं या क्षेत्रातले संशोधक मानतात.

पण नवा जीवाणू सापडणं आणि तो नवा आहे हे सिद्ध होणं, यांत मोठं अंतर आहे. त्याला आधीच्या सगळ्या नातेवाइकांशी ताडून पाहावं लागतं. पूर्वी भिस्त पेशीतल्या रसायनांवर आणि तो काय खातो, काय खात नाही, यावर असे. आता सुमारे १५०० अक्षरांचं ‘१६ एस’ जनुक वाचतात. ते ९८.७ टक्क्यांहून कमी जुळलं, तर प्रजाती वेगळी असण्याची शक्यता दाट. जास्त जुळलं, तरी निकाल लागत नाही. मग अख्खे जीनोम ताडायचे, आणि तिथे साधारण ९५-९६ टक्क्यांची सीमा. शेवटी जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करायचा. हा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण जगातला कुणीही तो नमुना मागवून तुमचं म्हणणं तपासू शकतो.

महाराष्ट्र आणि गोवा या कामात दूरचे पाहुणे नाहीत. पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली, आणि आज मोहिमांची सगळी व्यवस्था वास्कोतलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहतं. पुण्यात सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. ध्रुवाइतकंच कठीण ठिकाण असलेल्या स्थितांबरातून, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने सोडलेल्या फुग्याने आणलेल्या नमुन्यांतही हैदराबाद आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांना तीन नव्या प्रजाती मिळाल्या. त्यांतली एक, जॅनिबॅक्टर हॉयली, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्या नावाने २००९ मध्ये जाहीर झाली.

शिर्माकरच्या त्या पिवळ्या जीवाणूचं पुढे काय झालं? जनुकांची तुलना सोपी झाली, तसं त्याचं घराणं चुकल्याचं दिसलं. २०१४ मध्ये त्याला पेडोबॅक्टर या वंशात हलवण्यात आलं. आता तो पेडोबॅक्टर अंटार्क्टिकस. १९९२ च्या मंडळींच्या कामाला यात उणेपणा आहे, असं मला मुळीच वाटत नाही. त्यांनी हाती होत्या त्या सगळ्या परीक्षा घेतल्या आणि नमुना जपून ठेवला, म्हणूनच बावीस वर्षांनी त्याची फेरतपासणी करता आली. नाव बदललं, पण ज्या नमुन्यावर ते टेकलेलं आहे तो तसाच आहे. संग्रहांच्या नोंदवहीत त्याच्यापुढे आजही शिवाजींच्या प्रयोगशाळेने दिलेली जुनी खूण लिहिलेली असते: ४बीवाय.