रंग काढले आणि काम अडलं
प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरचा पडदा नीटनेटका करायचा म्हणजे रंग कमी करायचे, असा एक समज आहे. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओच्या बीटा आवृत्तीत बहुतेक चिन्हं राखाडी केली. हेतू चांगलाच होता: बाकीचा पसारा मागे सरावा, लक्ष कोडवर राहावं. पण कोड आपण वाचतो, चिन्ह मात्र ओझरत्या नजरेने हेरतो. हिरवा त्रिकोण म्हणजे प्रोग्रॅम चालवा, लाल ठिपका म्हणजे या ओळीवर थांबा. रंग गेला की आकार निरखत बसावं लागतं. वापरणाऱ्यांनी ओरड केली आणि पुढच्या चाचणी आवृत्तीत काही चिन्हांना रंग परत मिळाले. ही निव्वळ सवय मोडल्याची कुरकुर, असं कुणी म्हणेल, थोडी होतीही. रंगांधांचं काय, हा आक्षेप जास्त वजनदार. त्यांच्यासाठी आकारही ठळक वेगळे हवेत, पण त्यासाठी इतरांचे रंग काढायची गरज नाही.