छंद : मनाच्या विसाव्याचे साधन

आमचे सोलापूर हे यंत्रमागांचे शहर. मागावर काम करणाऱ्यास ठाऊक असते की, ताण अधिक झाला तर धागा तुटतो आणि फार सैल पडला तर कापड नीट विणले जात नाही. मनुष्याच्या मनाचेही असेच आहे. दिवसभराचे काम व प्रपंचाची काळजी यांनी ताणलेल्या मनास विसावा हवा असतो. तो केवळ स्वस्थ बसण्याने मिळतोच असे नाही. कारण हात रिकामे असले तरी मन काळजीतच गुंतलेले राहते. छंद मात्र मनाला दुसरे, आवडीचे काम देतो. रोपांना पाणी घालताना, पेटी वाजविताना वा भरतकामाचे टाके घालताना लक्ष हातातील कामावर एकवटते. तेथे कोणाचा हुकूम नसतो आणि मिळकतीची चिंताही नसते.

आम्ही राहतो त्या शुक्रवार पेठेच्याच नावाची एक पेठ पुण्यातही आहे. तेथील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे एका छंदाचेच फळ होय. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांचा व्यवसाय चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविताही लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा नाद लागला. दिवे, अडकित्ते, वाद्ये, स्वयंपाकघरातील भांडी अशा साध्या घरगुती वस्तू त्यांनी गावोगाव फिरून मिळविल्या. या कामी पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. त्यांचा मुलगा राजा बालवयातच मरण पावला. संग्रहालयास त्याचेच नाव देण्यात आले. छंदाने ते दुःख नाहीसे झाले असेल, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या मुलाची आठवण या संग्रहाने जपली. सुमारे वीस हजार वस्तूंचा हा ठेवा पुढे त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

विरंगुळा म्हणजे वेळेचा अपव्यय, असे काही भाविकांना वाटते. त्यांच्यासाठी ख्रिस्तसभेच्या परंपरेतील एक जुनी कथा सांगण्याजोगी आहे. संत योहान एका तित्तर पक्ष्याला प्रेमाने कुरवाळीत बसले होते. ते पाहून एका शिकाऱ्यास नवल वाटले. संतांनी त्याला विचारले, तुझे धनुष्य तू सदैव ताणून का ठेवीत नाहीस? तसे केल्यास त्याचा जोर नाहीसा होईल, असे तो उत्तरला. मनाचेही तसेच आहे, असे संतांनी त्याला समजाविले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनीही ही कथा सांगून, मनाच्या थकव्यावर खेळ व विनोद हा उपाय असल्याचे प्रतिपादन केले.

मात्र धनुष्य सैल करावयाचे ते पुन्हा ताणता यावे म्हणूनच. जो छंद घरच्यांचा वेळ हिरावून घेतो किंवा कर्जात लोटतो, तो विसावा देत नाही. छंदासाठी मोठा खर्चही लागत नाही. कुंडीतले एखादे रोप किंवा माळ्यावर पडून राहिलेली पेटी यांपासूनही आरंभ करता येईल. रोज अर्धा तास पुरे. त्यात घरातील मुलांना व वृद्धांना सोबत घेतले, तर तो विसावा साऱ्या कुटुंबाचा होईल.