अर्ध्या मिलिमीटरचे गणित

टेबलाचा खण ओढला, की पुढची फळी बाजूच्या फळ्यांपासून सुटू पाहते. खिळे काही वर्षांत सैल होतात. गोंदही फळीच्या टोकावर नीट धरत नाही, कारण तिथे उघड्या असलेल्या लाकडाच्या नळ्या तो शोषून घेतात. डव्हटेल सांध्यात मात्र ही ओढ थेट लाकडाच्या आकारावर येते. बाजूच्या फळीच्या टोकाला रुंद होत गेलेल्या शेपट्या पुढच्या फळीतल्या खाचांत अडकतात. शेपटीच्या दोन्ही गालांवर गोंद लाकडाच्या तंतूंची रेषेला रेषा भिडवून लागतो आणि तिथे तो पक्का बसतो.

हे काम आता करवत-पटाशीऐवजी राउटर हे कोरणारे यंत्र आणि जिग हा साचा यांवर होते. जिगच्या पत्र्याच्या बोटांमधून राउटरचा गाइड बुश फिरतो आणि खाली शंकूसारखे रुंद होत गेलेले बिट लाकूड कोरते. 12.7 मिलिमीटरचे बिट मिनिटाला 20,000 फेऱ्यांनी फिरले, की त्याची धार ताशी सुमारे 48 किलोमीटरने लाकडावर येते. हे बिट चालू असताना वर उचलायचे नाही, कारण त्याचा रुंद भाग खाली असतो. उचलले, तर खाच आणि जिग दोन्ही फाटतात.

सांधा घट्ट की सैल, हे जिगच्या किमतीवर नव्हे, तर बिटच्या खोलीवर ठरते. बोटांमधले अंतर पक्के असते, बदलता येते ती फक्त खोली. बिट खोल नेले, की शेपट्यांमधली फट टोकाशी अरुंद होते आणि शेपटी तेवढी रुंद उरते. खाचेचा तळ मात्र बिटच्या रुंदीइतकाच राहतो. 14 अंशांच्या बिटने खोली एक मिलिमीटर वाढवली, तर शेपटी अर्धा मिलिमीटर रुंदावते. म्हणून सांधा सैल वाटला तर बिट किंचित खाली घ्यावे, हातोडी मारावी लागली तर किंचित वर. जिगची पुस्तिका हा नियम सांगते, पण त्यामागची भूमिती सांगत नाही, याची मला खंत वाटते.

उरलेला प्रश्न पाण्याचा. हैदराबादच्या तारनाक्यात मे आणि जुलै यांच्या हवेत ओलाव्याचा फार मोठा फरक असतो. बल्लारशाचे सागवान हैदराबादच्या कारागिरांना चांगले परिचयाचे. ते स्थिर लाकूड म्हणून नावाजलेले आहे, पण अचल नाही. लाकडातला ओलावा सहा टक्क्यांनी वाढला, तर 200 मिलिमीटर उंचीची फळी वाढवलयांच्या दिशेने कापलेली असल्यास दोन मिलिमीटरच्या आसपास फुगते, वलयांना काटकोनात कापलेली असल्यास त्याच्या निम्मी. चारही फळ्यांच्या रेषा आडव्या आणि छेद सारखा असेल, तर त्या एकत्रच उंचावतात आणि सांध्यावर ताण येत नाही. पावसाळ्यात खण अडकतो तो चौकटीत. उन्हाळ्यात बनवताना वर दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवावे, श्रावणात बनवताना एक पुरे.