दिशादर्शक यंत्र घेताना

मोटारीत बसवायचे यंत्र आणि सह्याद्रीच्या वाटेवर हाती धरायचे यंत्र ही एकाच कुळातील असली, तरी त्यांचा धर्म भिन्न आहे. पहिल्यास रुंद पडदा, स्पष्ट आवाज व गाडीतूनच मिळणारी वीज पुरते, तर दुसऱ्यास समोच्चरेषांचा नकाशा, खेड्यातल्या दुकानातही मिळणाऱ्या पेन्सिल सेलची सोय आणि ‘आयपीएक्स ७’ हा दाखला, म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटे तग धरण्याची हमी, अगत्याची. श्रावणातल्या पावसात ओल्या बोटांना स्पर्शपडदा दाद देत नाही. बटणांचे यंत्र तेथे खरे उपयोगी.

स्थाननिश्चितीस किमान ४ उपग्रह दिसावे लागतात, आणि सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणारे त्यांचे क्षीण संकेत हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या अरुंद घळीत कातळांवर आपटून भ्रम उत्पन्न करीत असल्यामुळे, जीपीएसच्या जोडीला ग्लोनास, गॅलिलिओ वा आपल्या ‘नाविक’चे संकेत, शक्यतो दोन वारंवारितांवर, घेणारे यंत्र महाग पडले तरी तेच घ्यावे, असे माझे निश्चित मत आहे.

उपग्रहामार्फत संदेश पाठविणारी यंत्रे मात्र, परदेशस्थ आप्ताने कितीही प्रेमाने आणून दिली तरी, सरकारी परवान्यावाचून भारतात बाळगता येत नाहीत.