चाक मोठें कीं रिम मोठी ?

कोणत्याहि सुशिक्षित कुटुंबांत मोटार घ्यावयाची ठरली म्हणजे पहिली चर्चा रंगाची होते, दुसरी किंमतीची, आणि तिसरी मागच्या बाकावर मधोमध कोणी बसावयाचें याची. चाकांची चर्चा कोणीच करीत नाहीं. गाडीबरोबर चार चाकें येतात, तीं वाटोळीं असतात, आणि एवढ्यावर आपलें समाधान होतें. वस्तुतः दीड टन वजनाची गाडी व तींत बसलेलें सारें घर यांचा भूमीशीं जो संबंध येतो तो चार टायरांच्या, प्रत्येकीं तळहाताहून फारशा मोठ्या नसलेल्या, भागापुरताच असतो.

आमच्या घरीं हा विषय निघाला तो विचारानें नव्हे, ठोकरीनें. गेल्या वर्षीं गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीं आम्ही पांच माणसें आणि सात माणसांचें सामान घेऊन पुण्याहून निघालों. कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण हा आमचा ठरलेला मार्ग. गुहागर तालुक्यांत आमचें मूळ घर आहे. गाडी जुनी घेतलेली. पूर्वीच्या मालकानें हौसेनें मूळचीं पंधरा इंची चाकें काढून सतरा इंची चकचकीत अलॉय चाकें बसविलीं होतीं, आणि माझे पुतणे चिरंजीव त्या चकाकीवरच मोहित झाले होते. घाट बहुतेक उतरून झाला, दिवस मावळला, पावसाची सर आली, आणि एका वळणावर रस्त्यांत पाण्याचें डबकें दिसलें. वरून तें निरुपद्रवी होतें. पाण्याखालीं वीतभर खोल खड्डा होता. धाडकन् आवाज झाला, गाडी डावीकडे ओढली गेली, आणि पुढचें डावें चाक जमिनीला टेकलें. रिमची कड आंत वळली होती व टायरची बाजू फाटली होती.

सामानाच्या तळाशीं स्टेपनी होती. बाकरवडीचे पुडे, ट्रंका, आत्याबाईंचें सोंवळ्याचें गाठोडें हें सर्व भर पावसांत उतरविल्यावर ती बाहेर आली, तों तिच्यांत हवाच नाहीं ! तो दोष सर्वस्वी प्रस्तुत लेखकाचा. निघतांना चार चाकें तपासलीं, पांचवें तपासलें नाहीं. आत्याबाई, वय वर्षें ब्याऐंशी, छत्रीखालीं ट्रंकेवर बसून होत्या व घाटांतून उतरणारे ट्रक आम्हांला घासून जात होते. एका टेंपोवाल्यानें थांबून आपला पंप दिला, म्हणून मध्यरात्रीच्या आंत आम्ही घरीं पोंचलों. पूजा वेळेवर झाली. परंतु त्या वळणावरचे दोन तास मी विसरूं शकलों नाहीं.

पुण्यास परतल्यावर नवीं चाकें घेण्याचा प्रश्न आला आणि काका-पुतण्यांचा वाद जुंपला. चिरंजीवांचा मुद्दा अगदींच पोरकट नव्हता. ते म्हणाले, “काका, पणजोबांच्या बैलगाडीचें चाक छातीइतकें उंच होतें असें तुम्हीच सांगतां. मोठें चाक खड्ड्यांत कमी उतरतें. मग सतरा इंच वाईट आणि पंधरा इंच चांगलें, हें कसें ?”

मोठें चाक खड्ड्यांत कमी उतरतें हें तत्त्व खरें आहे. परंतु आमच्या गाडीचें चाक मोठें झालेंच नव्हतें. हें कळण्यास टायरच्या बाजूवरील आंकडे वाचतां आले पाहिजेत, आणि ते सूनबाईंनीं कागदपेन्सिल घेऊन आम्हां दोघांस वाचून दाखविले. मूळ टायरवर लिहिलेलें असे १९५/६५ आर १५. यांतील १९५ ही टायरची रुंदी मिलिमीटरांत. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा पासष्ट. ‘आर’ हें रेडियल जातीचें चिन्ह. आणि १५ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. एका ओळींत मिलिमीटर, शेंकडेवारी आणि इंच अशी ही त्रिस्थळी यात्रा आहे ! हिशेब केला म्हणजे बाजूची उंची सुमारें १२७ मिलिमीटर व सबंध चाकाची उंची सुमारें ६३४ मिलिमीटर भरते. पूर्वीच्या मालकानें बसविलेले टायर होते २२५/४५ आर १७. त्यांच्या बाजूची उंची १०१ मिलिमीटर, आणि सबंध चाकाची उंची ? तीच, ६३४. असें करावेंच लागतें, नाहीं तर चाक मडगार्डला घासतें व वेगदर्शक कांटाहि खोटें बोलूं लागतो. म्हणजे चाक केसभरहि वाढलें नव्हतें. वाढली होती ती आंतली रिम. आणि तिच्यासाठीं बाजूची अडीच सेंटिमीटर हवा व रबर यांनीं जागा खालीं करून दिली होती.

ही अडीच सेंटिमीटर हवा म्हणजे काय चीज आहे ? १८८८ सालीं बेल्फास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवाभरले टायर बसविले, ते मुलास दगडी रस्त्यावर दणके बसूं नयेत म्हणून. (ही कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन यानें १८४५ सालींच पेटंट करून ठेविली होती, पण ती विस्मृतींत गेली होती.) बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव असते. ती झिजत नाहीं, पण सगळा दणका बसणाऱ्याच्या मणक्यांत उतरवते. हवेनें तो दणका वाटेंत गिळावा, हाच टायरचा मूळ धर्म. खड्ड्याच्या कांठावर चाक आदळतें तेव्हां टायरची बाजू क्षणभर दबते. ती पुरेशी उंच असेल तर दबून पुन्हां उठते. ठेंगणी असेल तर दगडाची कड एका अंगास, रिमची कड दुसऱ्या अंगास, आणि मध्यें रबर, असा अडकित्ता तयार होतो. आमच्या टायरची सुपारी झाली ती अशी. बाजूच्या आंतील धागे तुटले म्हणजे तेथें फुगवटी येते. तिला इलाज नाहीं. पंक्चर काढावयाचें तें जमिनीला टेकणाऱ्या जाड भागांतलें. बाजूचें पंक्चर काढून देतों म्हणणाऱ्याकडे जाऊं नये.

गुळगुळीत हमरस्त्यावर ठेंगणा टायर वळणावर गाडी अधिक घट्ट धरतो, हेंहि खरें. पण आपल्याकडे पाऊस आहे. डांबराच्या भेगेंतून पाणी शिरलें कीं खडी व डांबर यांची पकड सुटते, वरून चाकें दाब देतात, आणि आषाढांतील भेगेचा भाद्रपदांत खड्डा होतो. शिवाय रुंद टायर थोपलेल्या पाण्यावर लवकर तरंगूं लागतो व मग सुकाणूचें तो ऐकत नाहीं. यासाठीं टायरच्या खांचा खोल हव्यात. खांचांच्या तळाशीं १.६ मिलिमीटरांवर उंचवट्याची खूण असते. रबर तिथवर झिजलें म्हणजे टायर मोडींतच. पावसांत घाट चढावयाचा असेल तर तीन मिलिमीटर उरले असतांच बदलावा, असें माझें मत आहे. यांत कंजूषपणा करण्यापेक्षां घरांतील एखादा सण साधा करावा.

मग अलॉय वाईट कीं काय ? नव्हे. त्याच मापाचें अलॉय बहुधा पोलादाहून हलकें असतें, आणि हलकें चाक खड्ड्यांतून लवकर सांवरतें. भेद असा, कीं दणक्यानें पोलाद वांकतें व ठोकून सरळ करतां येतें. ओतीव अलॉयला तडा जाण्याचा संभव अधिक, आणि तडा गेलेलें चाक वितळवून जोडून देणारे कारागीर असले तरी त्या जोडावर मी घरचीं माणसें बसविणार नाहीं. अपराध अलॉयचा नव्हता, इंचांचा होता. नवी गाडी घेणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं एकाच गाडीच्या स्वस्त प्रकारास पुष्कळदां लहान रिम व उंच टायर असतात आणि महाग प्रकारास याच्या उलट. खराब रस्त्याच्या गांवीं वरचेवर जाणारास येथें स्वस्त तेंच हिताचें. मात्र कंपनीनें सांगितलेल्या मापाहून लहान रिम घालूं नये. आंतील ब्रेकला जागा उरत नाहीं.

हवेविषयीं एक जुना गैरसमज : खराब रस्ता आला कीं हवा कमी करावी. वाळूंतून सावकाश जावयाचें असेल तर तें योग्य. खड्ड्यांच्या हमरस्त्यावर मात्र कमी हवेचा टायर अधिक दबतो, तापतो, आणि तोच अडकित्ता पुन्हां वाट पाहत असतो. जास्त हवाहि वाईट. मग टायर बैलगाडीची धांव होतो. योग्य आंकडा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर असतो, आणि अनेक गाड्यांत दोन असतात, दोघांतिघांचा निराळा व भरलेल्या गाडीचा निराळा. कोंकणांत जातांना दुसरा पाहावा. हवा सकाळीं, चाकें थंड असतांना मोजावी. टायरवर छापलेला कमाल आंकडा हा भरावयाचा आंकडा नव्हे.

आणि खड्डा अटळच असेल तर ब्रेक आधीं दाबून वेग कमी करावा व चाक खड्ड्यांत उतरण्यापूर्वीं ब्रेक सोडावा. दाबलेल्या ब्रेकनें गाडीचें नाक खालीं जातें व सारा भार नेमका त्याच चाकावर येतो. हें चिरंजीवांनीं मान्य केलें, पण कुंभार्लीस गाडी मीच चालवीत होतों हेंहि निदर्शनास आणून दिलें.

दुकानांत गेलों तेव्हां सूनबाई बरोबर होत्या हें बरें झालें. दुकानदारानें सवलतीच्या दरांत चार टायर पुढें केले. सूनबाईंनीं बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचले : २३१९. म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झालेला माल ! रबर न वापरतांहि म्हातारें होतें. आम्ही ताजा माल मागितला. ९१ हा भारांकहि पाहून घेतला. प्रत्येक टायर ६१५ किलो वजन पेलूं शकतो असा त्याचा अर्थ. आय. एस. आय. मुद्रा पाहिली.

वादाचा निकाल तडजोडीनें लागला. माप मूळचें, १९५/६५ आर १५. पण चाकें अलॉयचीं, म्हणजे चिरंजीवांची चकाकी राहिली. पांचवें चाक साधें पोलादी, पूर्ण मापाचें. २०२० सालीं नियम बदलल्यापासून ट्यूबलेस टायर, दुरुस्तीची पेटी आणि हवेची सूचना देणारें यंत्र असलेल्या मोटारींस स्टेपनी सक्तीची राहिलेली नाहीं. तेव्हां नवी गाडी घेणारांनीं मागचें झांकण उघडून ती आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. पंक्चरवर पेटी चालते. फाटलेल्या बाजूवर व वळलेल्या रिमवर तिचा कांहीं उपयोग नाहीं.

यंदा निघण्याच्या सकाळीं मी हवा मोजीत होतों. आत्याबाई गाठोडें घेऊन ओटीवर येऊन उभ्या राहिल्या. चार चाकें होईपर्यंत त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “आणि तें खालचें ?” मी सामान पुन्हां उतरविलें.